आप्पांची अमावास्या

"सुमित्रा, जिथे माणसं तुझ्या प्रश्नाला उत्तर देत नाहीत, नुसती प्रेमाने हसतात, तिथे मुलीला घेऊन फार वेळ बसू नकोस."

ठाण्याच्या मालतीबाई मला हे म्हणाल्या तेव्हा मी त्यांच्याच घरी चहा पीत होते आणि गोजरा माझ्या मांडीवर झोपली होती. बाईंनी मला शाळेत संस्कृत शिकवलं. पुढे कॉलेजात तर्कशास्त्र घेतलं तेही त्यांच्याच आग्रहाने. चेंदणीच्या कोळीवाड्यातली मी, आमच्या आळीतली दुसरी बी. ए. आणि बाई मला अशा काही सांगत होत्या की जणू मी परकराचा ओचा सावरत शाळेत चाललेली पोर. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "बाई, तुम्ही एकदा येऊन बघा तरी. तुम्हाला वाटतं तसं नाही ते." मनात म्हटलं, लग्न नाही, मूल नाही, यांना काय कळणार. बशी विसळून ठेवली आणि निघाले.

बाई ज्याबद्दल बोलत होत्या तो आप्पांचा मंडप. महापेच्या डोंगराखाली, आंब्याच्या सावलीत, कुडाच्या भिंती आणि वर नळीची कौलं. आप्पा म्हणजे चांगदेवआप्पा. पूर्वी कुठल्याशा गोदामावर मुकादम होते म्हणत. आवाज मऊ. रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही, आणि त्याचंच मला केवढं कौतुक वाटायचं.

माझं सासर जुईचं. खाडीकाठचं गाव, अर्धी घरं मासेमारीवर, अर्धी खारजमिनीतल्या भातावर. आमचं दोन्हीवर. सासूबाई धोंडूबाई मासळी विकायच्या, आणि आमचे हे, कमळाकर, रबाळ्याला नव्याने उभ्या राहिलेल्या एका कारखान्यात पाळीवर जायचे. माझं पहिलं मूल राहिलं नाही. गोजरा झाली तेव्हा मी तिच्या छातीवर हात ठेवूनच झोपायची. श्वास चालतोय ना, हे बघायला उठायची आणि बघून झाल्यावर पुन्हा बघायची. दूध जास्त झालं का, टोपडं घट्ट झालं का, वारा लागला का, मालिश करणारीचे हात थंड होते का. दिवसभर डोक्यात नुसतं "का", "का", "का".

शेजारची चंदा मला पहिल्यांदा मंडपात घेऊन गेली. तिचा नवरा तुळशीराम आधीपासून जायचा. आप्पांनी गोजराच्या कपाळाला बोट लावलं आणि मला म्हणाले, "मूल तुझं नाही. मग काळजी तुझी कशी?"

त्या दिवशी मी घरी येऊन गाढ झोपले. गोजरा जन्मल्यापासून पहिल्यांदा. हे मी आज हसत सांगते आहे, पण त्या झोपेची किंमत ज्या बाईला कळते तिला मंडपाचं सगळं कळेल.

मंडपात रोज पहाटे पितळी थाळी वाजायची आणि मग आज्ञा सांगितली जायची. आज कोणी काय शिजवायचं, कोणी मौन धरायचं, कोणत्या मुलाला आज उचलून घ्यायचं नाही. सुरुवातीला मी आठवड्यातून एकदा जायची. मग आमच्या घरापर्यंत आज्ञा यायला लागली, तुळशीरामच्या तोंडून. मग मी गोजराला घेऊन तिथेच राहायला गेले. मासळी सुटली, मीठ सुटलं, "मला वाटतं" म्हणणं सुटलं. तिथे "सांगितलं आहे" असं म्हणायचं. हे रविवारी भेटायला यायचे तर त्यांना बाहेर आंब्याखाली बसवायचे आणि मी आतून बघायची, की बाहेर जायची आज्ञा होते का. कधी व्हायची, कधी नाही. नाही झाली तर मला वाईटही वाटत नसे. वाईट वाटायचं की नाही तेही आपण ठरवायचं नसतं, एवढं हलकं होतं ते जगणं.

विचार करून, ताठ मानेने तिथून बाहेर पडले असं सांगायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. गोजराला ताप आला आणि आज्ञा आली की तिला आईपासून वेगळं निजवायचं, पाण्याशिवाय काही द्यायचं नाही. मी "बरं" म्हटलं. खरंच म्हटलं. दुपारी ती पलीकडच्या खोलीत रडली आणि माझ्या छातीतून पान्हा वाहून चोळी भिजली. ती अजून अंगावर पीत होती. मी उठले, त्या खोलीत गेले, तिला उचललं आणि चालायला लागले. दारात चंदा होती. ती तेव्हा पोटुशी होती. तिने मला अडवायला हवं होतं, तशी आज्ञा होती. ती बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, "मागच्या वाटेनं जा, सुमताई. फुडं मानसं हायत." डोक्याने नव्हे, अंगाने मला बाहेर काढलं. डोकं मागाहून आलं, बऱ्याच दिवसांनी.

ठाण्याच्या डॉक्टरांनी गोजराला औषध दिलं, ती हिंडाफिरायला लागली. आणि मी? माझं जे झालं त्याला ताप येत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

"आई, भात किती लावू?"

सासूबाई जाळ्याची गाठ दातात धरून बसल्या होत्या. "मानसं किती?"

"चार."

"मग चार मानसांचा लाव."

"आई, मीठ किती घालू?"

"खारट होईल येवढं नको."

"आई, गोजराला आंघोळ घालू?"

"नको. तशीच वालत घाल दोरीवर." मग माझं तोंड बघून त्या गाठ सोडून माझ्याजवळ आल्या. "सुने, तू येवढी शिकलेली. मना कनाला इचारतेस? मी सांगाया लागले तर मी बी आप्पाच झाले ना?"

पण त्या सांगायच्याही. गावच्या भगताकडून गोजराची दृष्ट काढून आणू या, असा त्यांनी आठवडाभर धोशा लावला. मी "बरं" म्हटलं, कारण कोणीतरी काहीतरी सांगतंय याचंच मला बरं वाटलं. मी गोजराला नवा झगा घालून दारात उभी राहिले. ह्यांनी विचारलं, "तुला जायचं आहे का?" मी म्हटलं, "आई म्हणतात." ते म्हणाले, "आई काय म्हणते ते मला ऐकू आलं. तुला विचारतोय." मी दारात उभीच. मला खरंच सापडेना. माझ्या आत जिथे उत्तर असायला हवं तिथे हात घातला की भांडं रिकामं. हे पाळीला निघून गेले. सासूबाई "राहूंदे आता, भगत काय पलून जात नाय" म्हणून आत गेल्या. आणि मी त्या झग्यातल्या पोरीला घेऊन उंबऱ्यावर बसून राहिले.

पहाटे जाग यायची ती थाळीच्या वेळेला. कान टवकारलेले. थाळी नाही, आज्ञा नाही, नुसता कोंबडा. मग सगळा दिवस समोर पडलेला, पसरलेला, आणि त्यातलं प्रत्येक काम मी ठरवायचं. किती भीती वाटायची याची! एकदा बोंबील घ्यायला गेले आणि टोपलीसमोर उभी राहून घामाघूम झाले. चेंदणीची पोर मी, कोळ्याची मुलगी, आणि ताजा कोणता नि शिळा कोणता हे मला बोट लावूनही सांगता येईना. विकणारी पुतळा माझ्या नात्यातलीच. म्हणाली, "अगो, तुला काय झालं? बोंबील हाय तो, नवरा नाय. घे उचलून."

श्रावण संपत आला तेव्हा तुळशीराम अंगणात येऊन उभा राहिला. खाली बघत, हात जोडून. "वैनी, आप्पांनी तुमाला माफ केलंय. रविवारी अवसेचा उत्सव हाय. गोजराला घेऊन या. चंदानं बी सांगितलंय."

"चंदा कशी आहे?"

"बाळंत झाली. मुलगा. तिकडंच हाय."

"बरी आहे ना?"

"सांगितलंय बरी हाय."

सासूबाई तेव्हा बाजारात होत्या. मी तुळशीरामला चहा दिला, तो गेला, आणि मी गोजराचे कपडे धुवायला काढले. इथे मी खोटं बोलणार नाही: मी जायचं ठरवत होते. किंवा ठरवतही नव्हते. कोणीतरी रविवारी या म्हणालं होतं आणि रविवार येणार होता. माझ्या शेजारी बसून बांगडी दाताने चावत असलेल्या पोरीकडे बघून मला एवढंच वाटलं, की तिकडे गेलं म्हणजे मीठ किती घालायचं हा प्रश्न मिटेल. तिथे मीठच नव्हतं.

सासूबाईंना मी काही बोलले नाही. त्या आपल्या शुक्रवारच्या तयारीत होत्या. शुक्रवारी आमच्याकडे पिठोरी. आई मुलांसाठी करते ती पूजा. रानातली रोपं आणायची, ती मांडायची, खीर-पुरी डोक्यावर घेऊन मागे बघायचं नाही आणि विचारायचं, "अतीत कोण?" अतीत म्हणजे पाहुणा; मुलाने मागून आपलं नाव सांगून उत्तर द्यायचं. गोजरा पहिल्यांदाच उत्तर देणार म्हणून सासूबाई तिला चार दिवस शिकवत होत्या. पिठोरी म्हणजे श्रावणाची अमावास्या, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही माहीत. आणि तरीही तुळशीराम "रविवारी अवस" म्हणाला तेव्हा मी मान डोलावली होती. माझ्या डोक्यात दोन अमावास्या शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींशी बोलत नव्हत्या.

शुक्रवारी सकाळी सासूबाईंनी मला रोपं आणायला बांधावर पाठवलं. गोजराला मी कडेवर घेतलं. तिला मी तेव्हा कोणाजवळ सोडतच नसे. पाऊस उघडला होता. बांधाच्या एका अंगाला गावाचं भात, गुडघ्याच्या वर आलेलं, आणि दुसऱ्या अंगाला खाडी.

बांधात मधोमध उघाडी आहे. उघाडी म्हणजे बांधातलं दार. ओहोटी असली की फळ्या काढायच्या, शेतात तुंबलेलं पावसाचं पाणी खाडीत जातं. भरती यायच्या आत फळ्या घालायच्या, नाहीतर खाडीचं खारं पाणी भातात. एकदा शिरलं की ते पीक गेलं आणि पुढची दोन-तीन वर्षंही गेली. ही राखण गावात घराघराने पाळीपाळीने करतात. त्या आठवड्यात पाळी तुळशीरामची होती.

तो फळ्या काढत होता. दोन काढून बांधावर ठेवल्या होत्या, तिसरीला हात घातला होता.

"भावजी, आत्ता कशाला काढताय? भरती आहे ना?"

"उतरतंय, वैनी. पावनेदहाला फिरलं पानी."

"पावणेदहाला कसं?"

"आज तेरस. तेराची पाऊनकी."

हा आमच्या लोकांचा हिशोब. तिथीची पाऊणपट करायची, भरती पूर्ण व्हायची वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. घड्याळ नसलेला होडीवरचा तांडेलही मनातल्या मनात करतो. माझ्या बाबांनी मला पाढ्यांच्या आधी तो शिकवला होता.

"तेरस कुठली? आज अमावास्या. आमच्याकडे आज पिठोरी आहे."

"तुमची आज. आपली परवा. आप्पांनी सांगितलं ना, अवस रविवारी."

तेव्हा मला समजलं रविवार का. मंडपाला मुंबईहून येणारे जे बडे भक्त होते त्यांना सुट्टी रविवारची. मागेही एकदा गुरुपौर्णिमा अशीच सरकली होती. तेव्हा मी तिथेच होते आणि मीही टाळ्या वाजवल्या होत्या. उत्सव पुढे ढकलला असता तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण आप्पा "उत्सव रविवारी" म्हणाले नाहीत. "अमावास्या रविवारी" म्हणाले. आणि तुळशीराम, पिढ्यान्पिढ्या खाडीवर वाढलेला माणूस, त्याप्रमाणे पाण्याचा हिशोब करून फळ्या काढत होता. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा. अमावास्येचं उधाण, वर्षातल्या मोठ्यांपैकी एक, अजून चढायचं होतं.

"भावजी, पाण्याकडे बघा. चढतंय."

त्याने बघितलं. सावकाश, नीट बघितलं. तिवरांची पानं, फेस, काटक्या, सगळं खाडीकडून आमच्याकडे वाहत येत होतं. तो म्हणाला, "उतरतंय."

आणि खरं सांगते, एक क्षणभर मलाही ते उतरताना दिसलं.

आयुष्यात मला एवढी भीती कधी वाटली नाही. गोजराच्या तापातही नाही. माझे डोळे धड होते, ऊन लख्ख होतं, पाणी दहा हातांवर होतं, आणि एका माणसाने ठामपणे म्हटलं एवढ्यावर माझ्या डोळ्यांनी बाजू बदलली. पुन्हा बघितलं तर चढताना. पुन्हा त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग पाण्याकडे, तर कळेचना.

मग मी काय केलं ते आज लहान वाटेल. तिवराची एक वाळकी काठी उचलली आणि पाण्याची कड जिथे चिखलाला लागली होती तिथे रोवली. बरोबर कडेवर. माझ्या डोळ्यांवर विश्वास नव्हता, तुळशीरामच्या नव्हता, बाबांच्या पाऊणकीवरही त्या क्षणी नव्हता. काठी तरी कोणाची नव्हती.

"काय करता, वैनी?"

"बघते."

"आप्पांनी सांगितलं हाय ना."

"असू दे सांगितलेलं. मी पाणी बघते."

आम्ही दोघं उभे राहिलो. गोजरा कडेवरून वाकून काठीकडे बघत होती. पाणी काठीच्या बुंध्याशी आलं, तिच्याभोवती लहानशी गोल रेघ उठली, आणि ते पलीकडे गेलं. मग आणखी पलीकडे.

"वारा हाय," तुळशीराम म्हणाला.

मी दुसरी काठी रोवली, नव्या कडेवर. पाणी तिलाही ओलांडून आलं. एव्हाना उघाडीतल्या दोन मोकळ्या फटींतून खाडीचं पाणी आत घुसायला लागलं होतं. त्याचा आवाज येत होता. जवळच्या वाफ्यातलं भात मुळाशी हलायला लागलं.

मला ओरडावंसं वाटलं. आप्पांना शिव्या द्याव्याशा वाटल्या. पण मंडपात असताना माझ्याशी कोणी तसं बोललं की मी कान मिटून घ्यायची, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "भावजी, आप्पांचं नाव नको. तुमचंही नको, माझंही नको. पाणी काठीच्या पुढे गेलं की मागे, एवढंच सांगा."

तगडा माणूस, होडी एकट्याने ओढणारा, एवढ्या एका शब्दासाठी घामाने निथळला. मी त्याला घाई केली नाही. मलाच माहीत होतं तो शब्द किती जड असतो.

"फुडं," तो म्हणाला.

"मग चला."

फळी घालायला दोन माणसं लागतात, पाण्याचा जोर असला तर जास्तच. मला दोन्ही हात हवे होते. मी गोजराला बांधाच्या उंच भागावर, दगडाजवळ बसवलं. "इथून हलायचं नाही."

"का?"

मंडपात तिने हा शब्द विचारणं सोडलं होतं. मीही उत्तर देणं सोडलं होतं. पाणी वाढत होतं, तुळशीराम हाक मारत होता, आणि मी त्या तीन वर्षांच्या पोरीपुढे वाकून सांगितलं, "कारण खाली पाणी खोल होतंय, आणि मला फळी धरायला दोन्ही हात लागणार आहेत. तुला धरायला हात उरणार नाही. म्हणून."

तिने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी घालून. "मग मी दगड धरते," म्हणाली.

आम्ही उघाडीत उतरलो. पाणी मांड्यांपर्यंत, पायाखाली गाळ. पहिली फळी खाचेत बसेना, पाणी ती आत ढकलत होतं. मी खांदा लावला. साडी चिखलात, केस सुटलेले. दर चार श्वासांनी मी मान वर करून बघत होते: गोजरा दगडाला मिठी मारून बसली होती. दुसरी फळी बसली तेव्हा पाणी वरच्या काठाच्या चार बोटं खाली होतं. मग आम्ही फटींत चिखल आणि पेंढा कोंबला. कडेचे दोन वाफे खारे झाले, ते दोन्ही तुळशीरामचेच. बाकीचं गावाचं भात राहिलं.

बांधावर बसून तुळशीराम रडला. मी त्याची समजूत घातली नाही. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मना दिसत व्हतं, वैनी. चढताना दिसत व्हतं. तरी तोंडातून 'उतरतंय'च आलं."

"मलाही दिसलं उतरताना," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघं हसलो. वेड्यासारखे. गोजरा दगड न सोडता विचारत होती, "आता सोडू का?"

रोपं राहिलीच. घरी जाऊन मी सासूबाईंना म्हटलं, "आई, रोपं आणली नाहीत. मला वाटतं यंदा पिठोरी रोपांशिवाय करू या." त्यांनी माझ्या साडीकडे बघितलं, चिखलाने माखलेल्या हातांकडे बघितलं. "तुला वाटतं?" त्या म्हणाल्या. "मग करू."

रविवारी मी गेले नाही. तुळशीराम गेला, चंदाला आणि बाळाला आणायला. त्याने आप्पांना सर्वांसमोर पाण्याचं विचारलं. आप्पा मऊ आवाजात म्हणाले, पाणी आत आलं कारण तुझी श्रद्धा बाहेर गेली. मग चंदाला पुढे बोलावलं. तिने मान वर न करता सांगितलं, की हा माणूस आपल्याला परका आहे. तो एकटा परत आला. अंगणात बसून त्याने मला एवढंच विचारलं, "तिचं तोंड असं व्हतं, जसं माझं त्या दिवशी उघाडीवर. व्हय ना?"

"हो," मी म्हटलं. "तसंच असणार."

त्यानंतरची माझी सुधारणा म्हणाल तर ती उघाडीसारखी नाट्यमय नाही. चांगलीच कंटाळवाणी आहे. मी रोज काहीतरी ठरवते आणि ते कसं झालं ते बघते. मीठ कधी जास्त पडतं. एकदा पुतळाकडून घेतलेले बोंबील दुसऱ्याच दिवशी वास मारायला लागले. सासूबाईंनी नाक धरलं, हे हसले, आणि कोणीही मला वाळीत टाकलं नाही. चुकता येतं आणि घर जागच्या जागी राहतं, हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. भगताकडे गोजराला न्यायचं नाही, असंही मी सांगून टाकलं. सासूबाई दोन दिवस फुगून बसल्या. तिसऱ्या दिवशी फुगा उतरला. पुढे सरकारी माणूस देवी टोचायला गावात आला. मंडपात त्याला मनाई होती. मी त्याला तीन प्रश्न विचारले, त्याने दोनाची उत्तरं दिली आणि तिसरं माहीत नाही म्हणाला. त्या "माहीत नाही"वर मी गोजराचा दंड पुढे केला. तिला फोड आला, ताप आला, मी दोन दिवस तिच्या छातीवर हात ठेवून बसले. काळजी गेलेली नाही माझी. पण आता ती माझी आहे, आणि मला ती कोणाला देऊन टाकायची नाही.

मालतीबाईंकडे मी परत जाऊन आले. त्यांनी चहा केला आणि मागचं काही बोलल्या नाहीत. मीही नाही. आम्ही तासभर भाषांतराच्या एका चुकीवरून भांडलो आणि मला फार बरं वाटलं.

राहिली चंदा. मी तीन वेळा महापेला जाऊन आले. दारावरचे लोक मला ओळखतात, आंब्यापाशीच थांबवतात. तुळशीरामला तर फाट्यावरूनच परत पाठवतात. पोलीस म्हणतात, बाई सज्ञान आहे, आपल्या मर्जीने राहते. मर्जी म्हणजे काय हे मी त्यांना कसं समजावू?

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्यापैकी कोणाचा महापेच्या बाजूला कारखाना असेल, सासर असेल, ओळख असेल, तर एकदा मंडपात जाऊन या. तुम्हाला कोणी अडवणार नाही, नवी माणसं त्यांना हवीच असतात. आत गेलात की डाव्या हाताला स्वयंपाकाची पडवी आहे. चंदा उंच आहे, सावळी, हसताना पदर तोंडावर धरते. अजून हसत असली तर. तिचं बाळ आता बसायला लागलं असेल. त्याला उचलून घ्या, लोक काही म्हणणार नाहीत, बाळाला उचलण्यात कोणाला संशय येत नाही. वजन जाणवतंय का बघा. दंडावर देवी टोचल्याची खूण आहे का बघा. आणि चंदाला एकटीला गाठून विचारा, रात्री झोप लागते का. ती लगेच बोलणार नाही. तुम्ही निघू नका, तिच्याजवळ बसून राहा. काय म्हणाली ते मला जुईला येऊन सांगा. जाल ना?